सातच्या बसचा तारांकित प्रश्न

१ डिसेंबर
उचगावची सकाळची सातची बस बंद होऊन महिना झाला. रक्षाचे कॉलेज बेळगावात. नऊच्या बसने जाते, पहिली दोन लेक्चर्स बुडतात. अटेंडन्स कमी पडली तर हॉल तिकीट देत नाहीत म्हणे. बायको मंगल म्हणते, "आवं, डेपोत एक अर्ज द्या की. आम्ही बायका येतोय मागनं." रक्षाही म्हणाली, "पप्पा, तुम्ही आलासा तर मॅनेजर ऐकतील."

डेपो! शी! कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या. मी दूध सोसायटीचा माजी संचालक. मी क्लार्कपुढे अर्ज घेऊन उभा राहणार? विषय थेट कर्नाटक विधानसभेच्या बेळगावातल्या अधिवेशनात घेतोय. आमदारसाहेबांचा पीए नागराज, त्याच्या मागे लागून नोव्हेंबरातच तारांकित प्रश्न टाकून घेतला. आता मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागेल. आपला बाप काय चीज आहे ते रक्षाला कळेल.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज कन्नड पेपर वाचणे.

२ डिसेंबर
उठलो साडेनऊला. रात्री विचार फार झाला. कन्नड पेपर आणला. छपाई इतकी भिकार की हेडलाइनच्या पुढे जाववेना.

६ डिसेंबर
मंगल दहाबारा बायका गोळा करून डेपोत गेली. घरात स्वयंपाक नाही. कालचा भात गिळला. या बायकांना प्रोसिजर म्हणून काही माहीत नाही. चार शिव्या खाऊन परत येतील, मग समजेल.

९ डिसेंबर
विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा परवाचा पास आला! जॅकेट शिवून आणले, काखेत आवळते. टेलर नालायक.

दुपारी पत्रकारांसमोर काय बोलायचे ते लिहीत होतो. मंगल दोनदा खोलीत आली. "आवं, ऐका तरी, बस..." मी हात वर केला. बसचेच तर काम करतोय ना! मध्ये बोलू नको म्हटले. "ऱ्हायलं," म्हणून गेली. रक्षा काल-आज सकाळी दिसलीच नाही. उठतो तोवर पसार. रुसली असावी. परवा रुसवा जाईल.

११ डिसेंबर, संध्याकाळ
काय ते कामकाज! किळस आली.

गेटवर पेन काढून घेतले, मोबाइल काढून घेतला. गॅलरीत पायावर पाय टाकला तर मार्शल धावून आला. त्याआधी बाहेर गाड्यावर उप्पीट खाल्ले होते, ते दिवसभर छातीवर बसून होते.

खाली अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. एक सदस्य किल्लीने कान कोरत होता. कोरून किल्लीकडे बघत होता! शोकप्रस्ताव चालू असताना मागच्या बाकावर दोघे खिदळत होते. मग विरोधक अध्यक्षांच्या पुढ्यात उतरले, कागद उडवले. कामकाज पंधरा मिनिटे तहकूब झाले, ते तासाभराने सुरू झाले. यांच्या हातात राज्य दिलंय आपण.

मग आपला नंबर आला. आमदारसाहेब उठले, उचगावचे नाव घेतले. अंगावर काटा आला. मंत्र्यांनी कागदावर नजर टाकली आणि सांगितले की सदर बस सोमवारपासून चालू आहे, गावातील महिलांनी डेपोत अर्ज दिला होता, सबब प्रश्न उद्भवत नाही. सगळे हसले. समोरून कोणीतरी ओरडले की प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा त्या बसमध्ये बसून बघावे. आमदारसाहेबांनी वर गॅलरीकडे बघितले. मी छताकडे बघितले. पुढचा प्रश्न उसाच्या बिलाचा होता.

बाहेर नागराज भेटला. "जोतिरामअण्णा, तुमच्या गावची बस, आन् तुमालाच ठावं न्हाय व्हय?" परत नेतो म्हणाला होता, त्याची गाडी मला न घेताच गेली. एकही पत्रकार विचारायला आला नाही.

घरी आल्यावर मंगलवर ओरडलो, सांगितले का नाहीस म्हणून. "सांगाय आलतो की मी दोनदा," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

शांतपणे विचार केला. प्रश्न लागणार ही बातमी डेपोपर्यंत पोचली असणार. त्या धास्तीनेच बस सोडली. बायकांचा अर्ज हे निमित्त. उद्या रक्षाला हे नीट समजावून सांगणे.

१२ डिसेंबर
गजर तीनदा बंद केला, तरी उठलो. धावत जाऊन बस पकडली. बस सगळी बायकांनी भरलेली, सरकारी योजनेत सगळ्यांना तिकीट फुकट. पैसे देऊन तिकीट काढणारा मी एकटा. कोणाच्या तरी डब्यातून लसणाच्या चटणीचा वास. बसायला जागा नाही. रक्षाच्या सीटला धरून उभा राहिलो आणि वाटेतल्या हिंडलग्यापर्यंत तिला धास्तीचा मुद्दा समजावला. ती खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी म्हटले, ते असू दे, बुडलेल्या अटेंडन्सचे आज मी स्वतः प्रिन्सिपॉलशी बोलतो. पालक म्हणून.

"झालं ते, पप्पा. परवा पालकांची सही पायजे हुती. मम्मी येऊन करून गेली. हॉल तिकीट मिळतंय."

मला का विचारलं नाहीस, म्हटले. रागावली असती तर बरे वाटले असते. ती सरळ म्हणाली, "तुम्ही येणार न्हाय, ठावं हुतं की."

फार लागले. कॉलेजच्या स्टॉपला ती उतरली, मैत्रिणींबरोबर चालत गेली. मला बेळगावात काहीच काम नव्हते. तिकीट स्टँडपर्यंतचे होते, म्हणून स्टँडपर्यंत गेलो.