स्वयंपाकघराचे दार सादर केल्याबाबत

प्रति,
माननीय अधिकारी,
घरशिक्षण परवानगी विभाग,
तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : धाकटीची घरशिक्षणाची परवानगी रद्द करणारा आदेश मागे घेण्याबाबत, तसेच आमचे दार.

संदर्भ : १) आपले 'मूळ स्वरूपात सादर करावे' हे पत्र. २) आपलाच 'लेखन आढळून आले नाही' हा आदेश.

महोदय,

मी खाली सही करणारी अर्जदार घरी शिवणकाम करते आणि माझ्या दोन मुलांना घरीच शिकवते. माझे पती लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहेत. थोरल्याबद्दल आपल्या विभागाची काही हरकत नाही. धाकटीला मात्र येत्या सत्रापासून शाळेत दाखल करावे असा आदेश काल हाती पडला. तो आम्हांला मान्य नाही. आदेश दोन ओळींचा आहे. माझे म्हणणे तेवढ्यात बसणार नाही आणि त्याबद्दल मी क्षमा मागत नाही.

१. आपल्या प्रपत्रात 'शुद्धलेखन व व्याकरण शिकवण्याची पद्धत' या रकान्यात तीन चौकोन आहेत : आधी नियम, रोज श्रुतलेखन, छापील सरावपुस्तिका. खाली सूचना आहे की एका कुटुंबाने एकाच चौकोनात खूण करावी. आमच्या थोरल्याला नियम मनापासून आवडतात. जेवताना तो व्याकरणाचे पुस्तक ताटाशेजारी ठेवतो आणि अपवाद सापडला की त्याला दोन घास जास्त जातात. धाकटीला नियम आधी सांगितला की ती पेन्सिल खाली ठेवते. दोघे एकाच आईची असली तरी दोघांची मापे वेगळी आहेत, आणि एका मापावर दोघांचे कपडे मी आजवर बेतलेले नाहीत. म्हणून थोरल्यासाठी पहिल्या चौकोनात खूण केली आणि धाकटीची पद्धत समासात लिहिली. 'समासात मजकूर' या कारणाने प्रपत्र परत आले. पुढच्या वेळी समास कोरा सोडला, तेव्हा 'एका पाल्याची पद्धत नमूद नाही' म्हणून परत आले. तेव्हा ती पद्धत आता येथेच नमूद करते, येथे समास मीच आखला आहे.

२. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरला की वर बटणाशी चिठ्ठी लावतात, 'चालू करू नये'. अक्षर कोणाचे, वळणदार आहे की वेडेवाकडे, हे कोणी पाहत बसत नाही. लिहिले आहे तसे करतात, कारण खाली माणूस असतो. पतींनी हीच शिस्त घरात आणली. मुलांनी जे लिहिले, ते वाचणाऱ्याने लिहिले असेल तसेच करायचे. आम्ही खाडाखोड करत नाही. चूक असेल तर ती घडते आणि मूल ती डोळ्यांनी पाहते. धाकटीने एकदा 'बाबांचे बूट दाराबाहेर ठेवा आणि डबा' इतकेच लिहून खेळायला धूम ठोकली. मी बूट ठेवले आणि डबाही बुटांशेजारी ठेवला. दुपारी एका मांजराने त्याचा समाचार घेतला, आणि ती हकिकतही मग धाकटीने लिहून ठेवली. वाक्य पुरे करावे हे त्यानंतर मला शिकवावे लागलेले नाही. संध्याकाळी ती आपले लेखन मोठ्याने वाचते, अडते, स्वतः दुरुस्त करते, आणि तिने विचारले की मग मी नियम सांगते. आधी सांगितलेला नियम तिला बोचतो, मागून सांगितलेला पटतो.

३. हे सर्व लेखन ती स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीने करते. कारण विचाराल, तर शाळेत असताना तिच्या वहीत तिच्या अक्षरांपेक्षा लाल शाई जास्त असे. शेवटी शेवटी वही दिसली की पोर खाटेखाली जाऊन बसायची. शाळा सुटली तरी ते सुटले नाही. बोलायची भरपूर, पण लिहायचे नाव नाही. आम्ही हात टेकले होते. एक दिवस मी मशीनवर असताना तिने दारावर उभ्याने लिहिले, 'आई पाणी दे'. मी शिवण टाकून उठले आणि पाणी दिले. तिने पेला रिकामा केला आणि खाली लिहिले, 'अजून'. मला रडू आले. सरकारी अर्जात हे लिहावे की नाही मला ठाऊक नाही, तरी लिहिते, कारण आपण शाळेत परत पाठवू पाहता ती हीच मुलगी आहे.

४. आपले तपासनीस घरी आले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी थोरल्याच्या वह्या पाहिल्या आणि मान डोलावली. मग आम्ही त्यांना दार दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, आणि सवयीने खिशातले लाल पेन काढून आमच्या दारावर गोल करू लागले. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळलेही नसावे. धाकटी खाटेखाली गेली. ते गेल्यावर पुष्कळ वेळाने बाहेर येऊन तिने अगदी तळाशी लिहिले, 'हे लाल पुसा.' घरच्या शिस्तीप्रमाणे पुसणे आले. साबण झाला, रॉकेल झाले, पॉलिश पेपर झाला. शाई फिकी झाली पण गेली नाही. लिहिलेले आमच्या हातून झाले नाही, अशी ती पहिली वेळ.

५. त्यानंतर आपले पत्र आले : 'पाल्याचे सर्व लेखन मूळ स्वरूपात कार्यालयात सादर करावे. छायाचित्रे अथवा प्रती स्वीकारल्या जाणार नाहीत.' आम्ही लिहिलेले करणारी माणसे. पतींनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार खांद्यावर घेतले. आपल्या इमारतीत लिफ्टवर 'नादुरुस्त, वापरू नये' अशी चिठ्ठी होती. पतींना ती लिफ्ट चहा निवेपर्यंत दुरुस्त करता आली असती, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. ते जिन्याने चढले, आणि त्यांच्यामागून थोरला. आवक लिपिकाने पतींकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि ते कोणत्या फायलीत लावावे असे त्यांनाच विचारले. थोरल्याने आपले पत्र काढून 'मूळ स्वरूपात' या शब्दांवर बोट ठेवले. लिपिकाने दारावर आवक शिक्का मारला आणि ते व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवायला सांगितले. (त्याच पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही थोरल्याने आम्हांला दाखवल्या. त्या आपल्याला कळवत नाही. आमच्या घरी लाल शाई नाही.)

६. आणि आता आपण लिहिता की 'लेखन आढळून आले नाही'. साहेब, ते आपल्या केबिनबाहेर उभे आहे. आपण रोज त्याच्यावरून जाता. आपल्या माणसांनी त्यावर 'साहेब दौऱ्यावर आहेत' असा कागदसुद्धा चिकटवला आहे.

७. काल आदेशाबद्दल विचारायला मी धाकटीला घेऊन आले. व्हरांड्यात गर्दी होती आणि सगळी उभी होती. एक आजीबाई कंबरेला हात लावून दारावरचा मजकूर वाचत होत्या. मांजराच्या हकिकतीशी आल्या तेव्हा त्या हसल्या आणि शेजारच्यांनाही वाचून दाखवू लागल्या. पोर आता पळते की काय, म्हणून मी तिचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि दौऱ्याच्या त्या कागदाखाली, परक्या माणसांच्या देखत, लिहिले : 'साहेब कधी येणार ते लिहा. तोवर आजींना बसायला बाक आणा.' आपल्या शिपायाने ते वाचले. तो आत गेला आणि बाक घेऊन आला. आजीबाई बसल्या. त्या शिपायाला आमच्या घरची शिस्त कोणी सांगितली नव्हती. पद्धतीची तपासणी ती झाली, आणि आपल्याच कार्यालयात झाली. धाकटीसाठी कोणत्याही चौकोनात आता मी खूण करणार नाही.

सबब, आदेश मागे घ्यावा आणि दार उतरवून नेण्याबद्दल लेखी कळवावे. तोवर स्वयंपाकघर उघडे असल्याने धाकटीचा अभ्यास दार जेथे आहे तेथेच, म्हणजे आपल्या व्हरांड्यात, कार्यालयीन वेळेत होईल. जे लिहायचे ते विचार करून लिहावे, कारण आपण लिहाल तसे आम्ही करतो. फक्त मुलीला शाळेत घाला असे पुन्हा लिहू नये. ते आम्ही करणार नाही. त्या लाल शाईनंतर लिहिलेले न करण्याची आमची ही दुसरी वेळ असेल. तेव्हा जमले नव्हते म्हणून झाले नाही. आता करायचेच नाही.

नम्र राहण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केलेली,
(सही)
थोरल्याची आणि धाकटीची आई

दिनांक : आदेश मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१) परत आलेली दोन्ही प्रपत्रे.
२) आदेशाची प्रत.
३) दार : आपल्याकडेच आहे, बाकाशेजारी.