नळी, भूल आणि तांब्याभर तीर्थ

कविटी,
कार्तिक शुद्ध नवमी

चि. विशालाक्षीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. काजूच्या बागा ठीक, तुझी वदिना कामेश्वरी ठीक. माझी मूत्रपिंडं तेवढी माझ्याआधी सेवानिवृत्त झाली. मला अजून काही वर्षं शाळेत पोरांकडून शब्दरूपं घोकून घ्यायची आहेत.

पोटात नळी बसवायची आहे. मग घरीच पोटात औषधी पाणी सोडून रक्त धुता येईल. आपल्या उद्दानम भागात हा रोग घरोघरी, गल्लीगल्लीत अशी पोटं आहेत, तेव्हा नळीचं नवल नाही. माझा संशय भुलीवर आहे.

भूल देणाऱ्या पद्मजाबाई आधी म्हणाल्या, पूर्ण झोपवू. मग छातीची तपासणी झाली आणि बाईंचा सिद्धांत बदलला. आता म्हणे पोटाच्या नसांजवळ सुया टोचून तेवढाच भाग बधिर करायचा. पाठीतली सुई का नको? तर माझ्यासारख्यांचं रक्त लवकर थांबत नाही. पूर्ण झोप का नको?

बाई मला मास्तरकीचा मान देऊन म्हणाल्या, "औषध अंगात रेंगाळेल, पंतुलुगारू."

पहिल्या दिवशी रेंगाळणार नव्हतं काय?

"पण मी उठेन ना?" मी विचारलं.

"झोपवतच नाही, तर उठायचं कुठून?"

उत्तर तर्कशुद्ध होतं. पण बोलताना त्या कामेश्वरीकडे बघत होत्या आणि कामेश्वरी वरच्या पंख्याकडे. पंखा बंद होता. जागृती, स्वप्न, सुषुप्ती या अवस्था मी जन्मभर फळ्यावर लिहिल्या. चौथीविषयी या दोघी काहीतरी लपवताहेत.

सोमवारची शस्त्रक्रिया झाली नाही. रक्तात पोटॅशियम भलतंच चढलेलं निघालं. अशाने हृदय मध्येच बंद पडतं म्हणे. इस्पितळाला निघण्याआधी देवीपुढे नारळ फोडायचा, ही आपली रीत. गल्लीने घरटी एकेक आणला. कामेश्वरीने ते पाणी तांब्यात धरून मला पळीभर तीर्थ दिलं, आणि बाईंनी तिलाच धरलं.

"नारळपाणी वर्ज्य म्हटलं होतं ना?"

"तीर्थ होतं हो ते."

"पोटॅशियमला तीर्थ कळत नाही, अम्मा." मग "पळीभराने एवढं चढत नाही," असं पुटपुटत त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी डोळे मिटून जप धरला.

घरी आल्यावर कामेश्वरीने विचारलं, "अहो, उरलेला तांब्या तुळशीत ओतलात ना?"

"ओतला की."

"तुळस कोरडी होती."

त्यावर मी तुळशीच्या पाणी पिण्याच्या शक्तीविषयी थोडं बोललो. तेव्हापासून ती नीट जेवत नाही. आपल्या हातच्या तीर्थाने नवऱ्याच्या जिवावर बेतलं होतं, असं धरून बसली आहे.

विशाला, तांब्या मी प्यालो. घोट मोजून पाणी मिळणाऱ्याला तहान लागते, हे खरं. पण ते अर्धं खरं. मला दिवस पुढे ढकलायचा होता. कारण आदल्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "अन्नय्या, वदिना सांगेल तिथे सही कर." तुम्हा नणंदा-भावजयींचं आजवर चिंचेच्या सारावरही एकमत झालेलं नाही. त्या एका वाक्याने मला जे कळलं, ते छातीच्या तपासणीने कळलं नव्हतं.

माझं हृदय किती उरलं आहे, ते तुला ठाऊक आहे. मला भीती वाटते. भीती हा शब्द कोणत्याही विभक्तीत चालवून पाहिला, ती कमी होत नाही. पण जे घरात सर्वांना माहीत आहे, ते बाईंच्या टेबलावर जागेपणी पडून त्यांच्या भुवयांवरून ताडत बसणं मला जमणार नाही. पुढल्या गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे. त्याआधी कुणीतरी मला खरं सांगा, मी सही करीन. नाहीतर नळी नको.

हे पत्र टाकायला कामेश्वरी जाईल. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक संपला, असं तिला सांगितलं आहे. बाटली खिडकीत भरलेली आहे, आणि खिडकी ती रोज पुसते.

तुझा, आणि तुझ्याआधी वाचील तिचा,
दक्षिणामूर्ती