घरच्यांना पाहुण्यांत धरायचं नाही

प्रिय माकू,

तुझा निरोप पोचला. आक्र्याच्या त्या ऑफिसने तुझं शिकाऊपण संपल्यावर तुला कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलंय आणि शुक्रवारपर्यंत हो की नाही ते तुला सांगायचंय. वर लिहितेस, 'आई म्हणेल तसं.' उत्तर देणार आहे बाई, पण माझ्या चालीने. आधी घरच्या बातम्या ऐक. फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरात फोन लावला की अख्खं अंगण कान टवकारतं, आणि तुझा नार्टेकाका तर माझ्या हातातून फोन ओढून घेऊन स्वतःच बोलायला लागतो.

काकाचं मत तुला ठाऊकच आहे. भट्टी त्याची, आवाजही त्याचाच मोठा. तू गेल्यापासून मण्यांसाठी काच कुटता कुटता रोज एकच पाढा चालू असतो, "पोरीने वेबसाइट उभी केली आणि निघून गेली. दुकान थाटलं, पण दुकानदार आंधळा! कोण आलं, कोण गेलं, कुणाला कळतंय? बोलव तिला परत." त्याच्या तोंडाला लागू नये हे खरं, पण म्हणणं खोटं नव्हतं. कोफोरिदुआच्या बाजारात मणी मांडले की गिऱ्हाईक कुठल्या माळेशी थबकलं, कुठली उचलून पुन्हा खाली ठेवली, हे आपल्याला दिसतं. वेबसाइटवर काहीच दिसत नव्हतं. पाहुण्यांची मोजणी बसवायचं काम तू जाताना राहून गेलं होतं. तेव्हा मी मनाशी म्हटलं, हे आपण करायचं, आणि माकूला एका शब्दाने विचारायचं नाही.

शिकवायला कोण होतं? व्हिडिओतली एक नायजेरियाची बाई. ती इतकं भरभर बोलते की तिला दर वाक्याला थांबवावं लागतं. पादिकी आत्या म्हणायची, "अगं, त्या बिचारीला एकदा तरी वाक्य पुरं करू दे!" पण कळलं हो. वेबसाइटच्या पानात एक छोटासा कोड चिकटवायचा, मग तो सांगतो की कोण कुठल्या गावाहून आलं, काय बघितलं, किती वेळ टेकलं. मी मोठ्या ऐटीत चिकटवला. तर काय, पाहुणा पहिल्या पानावर दिसायचा आणि आत पाऊल टाकलं की गायब! बसले डोकं धरून. मग साचे भरताना उजेड पडला. साच्याच्या प्रत्येक खळग्यात आपण कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतो की नाही, भट्टीत तो जळून भोक राहावं म्हणून? एखाद्यात विसरला तर मणी होतो, पण त्याला भोक नसतं, ओवता येत नाही. मी वेबसाइटच्या एकाच पानात देठ रोवला होता आणि बाकीची पानं तशीच भट्टीत घातली होती. सगळ्या पानांत कोड घातला, झालं. खाली एक ओळही लिहिली, 'तुम्ही आलात ते आम्ही मोजतो, चालेल ना?' काका खो खो हसला. "गिऱ्हाइकाला विचारून मोजतात होय?" मी म्हटलं, "न विचारता मोजायला आपण काय नाक्यावरचे पोलीस आहोत?"

आणि मग माकू, आकडे असे चढले म्हणून सांगू! सकाळी गर्दी, संध्याकाळी गर्दी. मी काकाला दाखवलं, काकाने चर्चमधल्या बायकांना सांगितलं, बायकांनी मला रस्त्यात मिठ्या मारल्या. पण मला कुठेतरी खुपायला लागलं. एवढे पाहुणे, आणि माळ मागणारा एक नाही? नकाशा उघडून बघते तर सगळे आपल्याच गावचे, ओडुमासेचे. नुसते ओडुमासेचे नाहीत, आपल्याच कारखान्याच्या वायफायवरून आलेले. बाहेर डोकावले, तर कडुनिंबाखाली आपला सगळा गोतावळा बसलेला, आणि प्रत्येकाच्या फोनवर आपलीच वेबसाइट! हे काम काकाचं. त्याने सगळ्यांना बजावलं होतं की नव्या दुकानात घरच्या माणसांनी पाय ठेवायचा असतो, ते रिकामं दिसता कामा नये. चुलतभावांपासून ढोलवाल्यांपर्यंत सगळे इमानाने सकाळ-संध्याकाळ हजेरी लावून जात होते. हसावं की रडावं?

त्या व्हिडिओतल्या बाईने अशा वेळचा उपायही सांगितलाय. घरच्या वायफायवरून येणाऱ्याला मोजणीतून वगळायचं. वगळलं. सगळी गर्दी ओसरली आणि जत्रा उठून गेल्यावर दिसावं तसं ते पान दिसायला लागलं. पण खरी ओसाडी पुढेच होती. काका लालबुंद. "माझ्या भावंडांना तू बाहेर काढलंस? आमचं येणं म्हणजे येणं नव्हे?" आत्यानेही तोंड फिरवलं. आपल्या आणि काकाच्या, दोन्ही घरांत माझ्याशी धड कुणी बोलेना, भट्टीशीसुद्धा मुकाट्याने काम. शेवटी मी काकाला समोर बसवून म्हटलं, "दादा, तुमच्या आईच्या अंत्यविधीला मांडवात आपण कुठे होतो? बसलेलो. आणि लोक रांगेने येऊन आपल्याशी हात मिळवून जात होते. कोण कोण आलं होतं असं पुढे वर्षभर बोलत होतात, तेव्हा बसलेल्यांची नावं कधी घेतलीत का? कुणी घेतं का? म्हणून काय आपण परके झालो? आपण होतो म्हणून तर ते आले." मग म्हणाला, "म्हणजे मी बसलेला." मी म्हटलं, "सगळ्यात पुढच्या खुर्चीवर." तेव्हा कुठे त्याचा चेहरा उलगडला. आता तोच सगळ्यांना समजावत फिरतो, "अरे, आपण बसलेली माणसं, आपल्याला मोजत नसतात!"

गर्दी हटल्यावर मागे थोडेच उरले, पण ते खरे. त्यांचं येणंजाणं मी लक्ष देऊन बघायला लागले. मणी कसे घडवतो त्या पानावर लोक चांगले रेंगाळत. माळही निवडत. मागणीचं बटण दाबलं की तेही कळेल अशी सोय केली, तर बटणही दाबत होते! आणि पुढच्याच पानावरून पळ काढत. तिथे पहिला प्रश्न कोणता, आठवतंय? 'माळ कशासाठी? दिपोसाठी, बारशासाठी की अंत्यविधीसाठी?' उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काकाचाच हट्ट होता तो. कारण विचारल्याशिवाय तो कुणालाही मणी देत नाही, मग मुलगी वयात आल्याचा दिपो असो की घरात कुणी गेलेलं असो. पण लांबच्या मुलखातल्या बाईने काय लिहावं? तिच्या घरी ना दिपो, ना कुणी गेलेलं. ती बिचारी दारातून परत. मी प्रश्न काढला नाही, मान राखला. खाली चौथं उत्तर घातलं, 'नुसतीच आवडली म्हणून.' काका कुरकुरला, "हे काय कारण झालं?" आणि त्याच आठवड्यात कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावच्या एका शाळामास्तरणीने निळी-पिवळी माळ मागवली. कारण, नुसतीच आवडली म्हणून. मग दुसरी आली, मग तिसरी. काकाने पहिली माळ स्वतः गुंडाळली आणि पोस्टातल्या माणसाला दमही भरला, "नीट ने, कॅनडाला आवडलीय." माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! वयाला शोभत नसेल, पण लपवायचं कशाला?

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी हे सगळं दुकानाचे डोळे उघडावेत म्हणून केलं असं घरात सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. तू आक्र्याला जायला निघालीस तेव्हा बसस्टँडवर तीनदा मागे वळून बघितलंस, तेव्हाच मला कळलं होतं की ते ऑफिसवाले तुला सोडणार नाहीत, आणि तू मात्र आमच्या पायी त्यांना सोडशील. मला बघायचं होतं की तुझ्यावाचून हे दुकान उभं राहतं का. राहतं, पोरी. अडखळतं, माझ्यासारखंच, पण राहतं. म्हणून शुक्रवारची वाट बघू नकोस, आजच हो म्हण. माझ्या पोरीवाचून त्या लोकांचं अडतं, हे मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सांगणार आहे. आणि एक महत्त्वाचं. हे पत्र घेऊन नार्टेकाकाच पहाटेच्या ट्रोट्रो गाडीने निघतोय. मी तुला परत बोलावलंय अशा समजुतीने निघालाय, तुझी पेटी उचलायला म्हणून दोरीसुद्धा बरोबर घेतलीय. त्याला आधी गरम केंके, भाजलेली मासळी आणि भरपूर मिरचीचा ठेचा वाढ. पोट भरून हात धुतले की मग सांग. थोडा ओरडेल, मग तुझं ऑफिस बघायचंय म्हणेल. घेऊन जा त्याला, आणि सगळ्यांशी ओळख करून दे, 'हे माझे काका.'

तुझीच,
आई