स्विच माझ्या बाजूला

रविवार, ८ मार्च

चि. चिमणीस,
आईचे भरभरून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. हे वाक्य प्रत्येक पत्रात पहिलं येतं म्हणून आलं, त्यावर फार विसंबू नकोस. फोन हाताशी असताना आई कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की तुझे बाबा तो टेबलावर मधोमध ठेवतात आणि आवाज मोठा करतात. मग तू तिकडून विचारतेस, "आई, बाबा कसे आहेत गं?" आणि बाबा माझ्या शेजारीच कान देऊन बसलेले असतात. मी ठणठणीत म्हणते. दुसरं काय म्हणणार?

थंडी सरत आली. शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या मांजरीने आपल्या कोळशाच्या जुन्या पेटीत पिल्लं घातली आहेत आणि बाई म्हणतात, आता ती तुमचीच. बाबांचं वाफेचं इंजिन, तेच, तळहातावर मावणारं, जवळजवळ होत आलंय. फक्त चाक राहिलंय. तू म्हणशील, चाक गेल्या वर्षीही राहिलंच होतं. हो, राहिलं होतं.

मागच्या खोलीतल्या त्या लोखंड-पितळ कातायच्या लेथला मी आजवर काय काय बोलले, ते तुला ठाऊक आहे. मला घरात सवत आहे आणि तिला रोज तेल लागतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अंथरुणात लोखंडाचा कीस, टॉवेलला काळे हात, आणि चहा गार होईपर्यंत "आलो, एवढं एक कापून आलो." पण शनिवारची त्यांची साफसफाई मला आवडायची, हे मी कधी कबूल केलं नाही. सगळं मशीन पुसायचं, कुप्पीने थेंब थेंब तेल सोडायचं, मग कापायची हत्यारं एकेक करून सहाणेच्या चाकावर धरायची आणि नखावर टेकवून धार बघायची. तूही लहानपणी तिथेच स्टुलावर बसून बघायचीस.

या वर्षी ती हत्यारं भराभर आखूड व्हायला लागली. सकाळी धार लावलेलं हत्यार बाबा दुपारी पुन्हा चाकावर धरायचे. संध्याकाळी पुन्हा. मी म्हटलं, "अहो, अशाने नुसती धार उरेल, हत्यार काही राहायचं नाही." तेही हसले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस चिकित्सक होतो. सकाळी लावलेली धार त्यांना दुपारी आठवत नव्हती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

झालं, नमनाला घडाभर तेल ओतून झालं. आता खरं लिहिते.

मागच्या खोलीची काच पोरांच्या चेंडूने फुटली असं मी तुला सांगितलं होतं. आपल्या गल्लीत चेंडू खेळणारं पोर उरलंय कुठे? ती काच चकच्या चावीने फुटली. लेथवर तुकडा पकडून ठेवणारं चक त्या चावीने आवळायचं आणि हात सुटायच्या आत चावी बाहेर काढायची, हे तुला बाबांनी बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. "चावी चकमध्ये असेल तर हात चावीवर असलाच पाहिजे." कारखान्यात याच एका गोष्टीवरून ते नव्या कामगारांना फैलावर घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी चक आवळलं, चावी तिथेच ठेवली आणि मशीन चालू केलं. मी चहा घेऊन दारात होते. चावी माझ्या कानाजवळून गेली आणि दाराशेजारच्या खिडकीची काच खाली आली.

कप माझ्या हातातून पडला. बाबांनी मशीन बंद केलं, चक बघितलं, आणि चिडून मला विचारलं, "चावी इथे कोणी ठेवली?" खोलीत आम्ही दोघंच होतो. ते बहाणा करत नव्हते. ज्याने ठेवली तो माणूस ते खरोखर शोधत होते.

मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, आणि तो हळूहळू वाढत जाणार आहे. तुला हे आज कळतंय, त्याबद्दल माझ्यावर रागाव, पण पत्र पुढे वाच.

तू आम्हाला तुझ्याकडे बोलावलंस, सातव्या मजल्यावर आमच्यासाठी खोली रिकामी केलीस, आणि लेथ न्यायला त्या तंत्रशाळेच्या माणसाला टेम्पो घेऊन मार्चअखेर पाठवते म्हणालीस. मी चटकन हो म्हटलं. तुला नवल वाटलं असेल, कारण घर सोडायला मीच खळखळ करायचे. पण मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मशीन जाईल, धोका जाईल, आणि कारण कोणाला सांगावं लागणार नाही. त्याच दिवशी मी मागच्या खोलीला कुलूप लावलं.

बाबा बोलावत आहेत आतून. उरलेलं उद्या लिहिते.

सोमवार

तर कुलूप. सकाळी उठून, बाह्या दुमडून, बाबा त्या बंद दारासमोर जाऊन उभे राहायचे. भांडायचे नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. थोडा वेळ थांबून खुर्चीत येऊन बसायचे आणि मला विचारायचे, "आज सुट्टी आहे का?" मी हो म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "आज सुट्टी आहे का गं?" जेवण ताटात तसंच राहायला लागलं. माझ्याकडे बघायचे, पण हॉटेलात शेजारच्या टेबलाकडे बघावं तसं.

आठवडाभर मी हे बघितलं आणि मग डॉक्टरांना पुन्हा गाठलं. म्हटलं, हातातलं काम काढून घेतल्यावर या माणसाचं काहीच उरत नाही, तर मी काय करू? डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, एकट्याने मुळीच नको, आणि मशीन चालू करणं त्यांच्या हातात नको. मी घरी आले ती वायरमनला घेऊनच. लेथचा स्विच आता मशीनवर नाही, माझ्या बाजूला भिंतीवर आहे आणि त्याला झाकण आहे. बाबा "चालू" म्हणतात. मी चक बघते, चावी माझ्या खिशात आहे ना ते बघते, त्यांचे हात बघते आणि मग दाबते. बाबांना ही पद्धत पसंत आहे. म्हणाले, कारखान्यात हे आधीच करायला हवं होतं.

नुसतं स्विचपाशी उभं राहून मला कंटाळा यायला लागला, हे तू ओळखलंच असशील. म्हणून मी शिकायला लागले. हसू नकोस. त्यांची जुनी पँट, घट्ट बाह्यांचा शर्ट, केस बांधलेले, अंगठी काढलेली, डोळ्यांवर चष्मा. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नसतं. पहिला तुकडा भंगारात गेला, दुसराही गेला. बाबा आवाज चढवत नाहीत. डोळे मिटून बाजूला उभे राहतात आणि ऐकतात. "हत्यार किंचाळतंय, इतकं रेटू नकोस." मी हात सैल करते आणि आवाज खरंच बदलतो. मग पितळेची कातरण सळसळत खाली पडते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

माप घेतलं की नाही हे त्यांना आठवत नाही, ते मला आठवतं. तुकडा कसा धरायचा हे मला येत नाही, ते त्यांच्या हाताला येतं. दोघांत मिळून एक धड कारागीर होतो. त्या खोलीत ते तोच तोच प्रश्न विचारत नाहीत. बाहेर आले की विचारतात.

म्हणून सांगते, तो टेम्पोवाला पाठवू नकोस. तुझी काळजी खोटी नाही, माझीही जात नाही. काम चालू असतं तोवर मी डोळ्यांत तेल घालून उभी असते आणि नंतर पाय दुखतात. ज्या दिवशी बाबा आपणहून त्या खोलीकडे वळायचे थांबतील, त्या दिवशी मी तुला फोन करीन आणि आम्ही येऊ. तोवर तूच ये. चार दिवस काढून ये.

आणखी एक लिहायचं आहे. दोन दिवस तेच टाळतेय.

शनिवारी त्या इंजिनाच्या चाकाची कड मी कापत होते. काम बरं चाललं होतं. मी स्विच बंद केला, तेव्हा बाबा कौतुकाने म्हणाले, "हात चांगला आहे हो तुमचा. कुठे शिकलात?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, "इथेच."

"घरी कोण कोण असतं?"

त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. म्हटलं, "नवरा आहे. एक मुलगी आहे, ती लांब असते."

"तुम्ही इथे येऊन हे काम करता, ते नवऱ्याला चालतं?"

"चालतं की."

"चांगला माणूस दिसतो."

"फार चांगला आहे," मी म्हटलं.

त्यांनी स्वतः स्टूल ओढून मला बसायला दिलं. लग्नानंतर इतक्या अदबीने त्यांनी मला कधी बसवलं नव्हतं. मग हात पुसत, जरा संकोचून विचारलं, "उद्या याल ना?" मी येईन म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि चहा घेऊन परत आले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, किती उशीर केलास." म्हणजे मी पुन्हा मी झाले होते. पण चिमणे, पुढे पुढे नाही होणार. घरातल्या बाईला ते विसरतील, तेव्हाही त्या खोलीत कामाला येणारी बाई त्यांना हवी असेल, असं मला वाटतं.

ते मशीन नेलंस, तर मी त्यांना कुठे भेटायला जाऊ?

उद्या पुन्हा कामावर जाणारी,
तुझी आई