आषाढातली पाहणी

माडबंदर, कोळीवाडा
ता. १८ ऑगस्ट १९५४

चि. सदास,

केसरबायचे अनेक आशीर्वाद. पत्र नेहमीसारखं नलू लिहिते. मी बोलते तसंच उतरव, शाळेतलं काही घालू नको, असं तिला बजावलं हाय.

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला नि होड्या लोटल्या. पहिल्या खेपेला बोंबील बेताचेच, जवळा बरा. तुझ्या भावोजींचा गुडघा पुन्हा धरला हाय, पण होडीवर गेले की त्यांना गुडघा आठवत न्हाय. घरात आले की आठवतो.

आता भांडणाचं. नीराबाई सांगत होती, तू आषाढात इथल्या मैदानात दिसलास. पायात बूट, वर छत्री, संगती एक साहेब नि फीत धरणारे दोघे. मी म्हटलं, म्हातारे, तुझ्या डोळ्यांत वडस वाढलंय. अलिबागेहून माझा भाऊ इथवर यील नि आपल्या घरात पाय टाकणार न्हाय, असं व्हायचं न्हाय. ती शपथ घ्यायला लागली. मी घेऊ दिली न्हाय.

मैदानाचं तुझ्या कानावर आलं असंल. गोरे साहेब तिथे चेंडूचा खेळ खेळायचे, ते तू बघितलंस. गावाकडचा अर्धा भाग त्यांचा, दर्याकडच्या भागात आपल्या वलांड्या, बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळवायच्या. चेंडू आपल्या बोंबलांत आला तर ते टोपी काढून मागायचे, आपण द्यायचो. आता नगरपालिका म्हणते, तो गोल्फ सगळ्या लोकांसाठी खुला करायचा, आणि त्यासाठी सगळं मैदान कुंपणात घ्यायचं. म्हणजे गोऱ्यांनी घेतलं न्हवतं तेवढं आपले लोक घेणार. कोळीवाड्यातल्या कुणाला तो खेळायचा हाय, ते मला अजून कळलं न्हाय. जवळा वाळवायचा कुठे, तेही कुणी सांगत न्हाय.

हरकत घ्यायला मुदत दिली हाय. तू जिल्ह्याच्या कचेरीत बसतोस. कोळीवाड्याच्या नावाने एक चांगला अर्ज लिहून धाड.

वाळवणाचा पहिला वाटा तुझ्यासाठी काढते. माया राहू दे, तशी इकडची वाटही राहू दे.

केसरबाय

ता. क. ‘वडस’ हा शब्द आईचाच. मी काही घातलेलं नाही. — नलू


अलिबाग
ता. २६ ऑगस्ट १९५४

ती. सौ. केसरबायस,

सदाचा शि. सा. न. वि. वि. तुझे पत्र पोचले. भावोजींच्या गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आषाढात मी कचेरीतच होतो. नीराबाईला दुसरा कुणी दिसला असेल. छत्रीखाली सगळे सारखेच दिसतात.

मैदानाबद्दल भलतेसलते मनात घेऊ नकोस. गाव वाढते आहे. मोकळ्या जागेवर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच. आज ती खेळाला राखली तर उद्या तिथे वखारी आणि चाळी उठणार नाहीत. हिरवळ राहील, समुद्राचा वारा गावात येत राहील. शिवाय जो खेळ काल फक्त गोऱ्यांचा होता, तो आता माडबंदरच्या कोणाही रहिवाशाला खेळता येईल. आपण स्वतंत्र झालो, त्याचाच हा भाग आहे. वलांड्या खाडीच्या बाजूला हलवता येतील, असे वाटते.

अर्जाचे म्हणशील तर सरकारी नोकराने तो लिहिणे बरे दिसणार नाही. नलूचे अक्षर चांगले आहे, तिच्याकडून लिहून घ्या. वाळवणाचा वाटा मात्र यंदा पाठवू नकोस. बिऱ्हाडाच्या शेजारी मासळी न खाणारी माणसे आहेत, त्यांना वास सहन होत नाही.

आहे तो लोभ वाढत जावा, एवढेच मागणे.

तुझा, सदा


माडबंदर
ता. ६ सप्टेंबर १९५४

ती. सदामामास,

नलूचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र माझं मी लिहिते आहे. आईला ठाऊक नाही.

काल नगरपालिकेच्या फळ्यावर पाहणीचा अहवाल लावला. वाड्यातल्या बायका मला घेऊन गेल्या आणि मी तो मोठ्याने वाचला. दर्याकडील भाग पाहणीच्या दिवशी पूर्णपणे मोकळा व वापराविना आढळला. वाळवण नाही, जाळी नाही. जमिनीत ठिकठिकाणी खेकड्यांची बिळे. बिळांशी आल्यावर बायका हसून लोळल्या. नीराबाई विचारत होती, हा हुशार माणूस कुणाच्या पोटचा.

खाली तारीख होती सोळा जुलै, आणि सही तुमची. तुमच्या पत्रांवरून मी अक्षर गिरवलं आहे, तेव्हा चूक होणं शक्य नाही. मी सांगितलं की पावसाने सही पुसली आहे. आईला आजवर किती कागद वाचून दाखवले असतील, पण ओळ गाळली ती कालच.

खाडीकडे वारा लागत नाही, बोंबलाला किडे पडतात. आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि वलांडीचे बांबू उपटून घरात ठेवलेले असतात. त्या दिवसांत वाळवण कुठून दिसणार? साहेबांना हे ठाऊक नसेल. तुम्हाला होतं.

आई तुमच्या अर्जाची अजून वाट पाहते. माझ्या अक्षरात लिहायला ती तयार नाही; म्हणते, सदाला जमेल तसं कुणाला जमणार नाही. मी गाळलेली ओळ तुम्ही तिला सांगा. नाही सांगितली तर मला सांगावी लागेल, आणि ते मला नको आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पण लोभ कमी केलेला नाही.

नलू


अलिबाग
ता. १२ सप्टेंबर १९५४

ती. सौ. केसरबायस,

सदाचा शि. सा. न. वि. वि. नलू, हे पत्र आईला अखेरपर्यंत वाच आणि मधले काही सोडू नकोस.

नीराबाईचे डोळे चांगले आहेत. छत्रीखाली मीच होतो. दोन दिवस माडबंदरच्या सरकारी बंगल्यात उतरलो होतो. व्हरांड्यातून आपल्या घराचे छप्पर दिसत होते, चुलीचा धूर दिसत होता. साहेबांनी चहा घेताना विचारले, तुम्ही कुठले. मी म्हटले, अलिबागकडचा. ते माणूस वाईट नाहीत. माडबंदरचा म्हटले असते तर त्यांनी चहाच दिला असता.

मैदानात वलांडीच्या बांबूंचे खड्डे पाण्याने भरले होते, ओळीने, सारख्या अंतरावर. मी मॅट्रिक झालो त्या साली भावोजींबरोबर त्यातले काही मी खणले आहेत. साहेबांनी विचारले, हे काय असावे. मी म्हटले, खेकड्यांची बिळे असावीत. खेकडा ओळीत बीळ करीत नाही, हे त्यांनाही दिसत असेल. पण मी हाताखालचा माणूस, आणि कोकणातला, म्हणजे मला ठाऊक असणार. त्यांनी मान हलवली, मी लिहिले.

मला कुणी दरडावले नव्हते, नोकरीला धोका नव्हता. त्या दिवशी पायांत नवे बूट होते आणि मला बोंबीलवाल्यांचा व्हायचे नव्हते, यापलीकडे कारण शोधून सापडत नाही. ज्या वलांडीखाली बसून मी पाटी हलवून कावळे हाकलले आणि त्याच पाटीवर पाढे लिहिले, तिच्या जागी मी ‘वापर नाही’ असे लिहून आलो.

मोकळी जागा मोकळी राहावी, हे मी लिहिले ते अजूनही मला खरे वाटते. पण ती मोकळी होतीच. सबंध कोळीवाडा तिच्यावर पोट भरत होता आणि गोरे खेळतही होते. लोकांसाठी खुले असे मी लिहिले, तेव्हा लोक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर मामलेदार होते, डॉक्टर होते. तू नव्हतीस.

वाळवण पाठवू नको म्हणालो, तेही शेजाऱ्यांसाठी नव्हते.

तीन ऑक्टोबरला हरकतींची सुनावणी आहे. माझी साक्ष घ्यावी, असे साहेबांना लेखी कळवले आहे. अर्ज सोबत जोडला आहे, माझ्या अक्षरात, माझ्या नावाने.

लोभ असावा असे लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसती सही करतो.

सदा


माडबंदर, कोळीवाडा
ता. १२ ऑक्टोबर १९५४

चि. सदास,

केसरबायचे आशीर्वाद. तू अलिबागेला पोचल्याचं पत्र मिळालं. कचेरीने तुझ्याकडे खुलासा मागितलाय, तो खरा लिही. दुसऱ्यांदा विचारायची पाळी आणू नको.

तू सुनावणीसाठी घरी आलास. जेवायला वाढलं, ते उपाशी माणसाला वाढते तसं वाढलं. नलूने पत्र वाचलं तेव्हा मी तिच्यावरच चिडले होते, म्हटलं, तू उलटं वाचतेस. मग दुसऱ्यांदा वाचून घेतलं. खेकड्यांवर नीराबाईसंगती मीही हसले होते रे. ते मला फार लागलं.

सुनावणीला तू भर सभेत उभा राहिलास. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा खोटं लिहिलंत, तर आता खरं कशावरून. मग सगळ्यांना मैदानात नेलंस. वलांड्या उभ्या होत्या, बोंबील लटकले होते. भावोजींना एक बांबू उपटायला लावलास, गुडघे टेकलेस नि खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातलास. म्हणालास, हे बीळ माझं हाय. बायका हसल्या, डॉक्टर हसले. तुझी मान खालीच होती. मी हसले न्हाय, पण तुला उठवायलाही आले न्हाय. ते तुझं तुला करायचं होतं.

निकाल आला. कुंपण मैदानातल्या मधल्या विहिरीशी थांबणार. गावाकडे खेळ, दर्याकडे वाळवण, होतं तसंच. खेळ खरंच खुला हाय का ते बघायला नलू नि तिची मैत्रीण कमळ गेल्या होत्या. नलूचा चेंडू हलला न्हाय, मातीच उडाली. माळ्याने दोघींना हाकललं न्हाय, एवढं चांगलं झालं.

पण निकाल एका सालापुरता. पुढच्या साली पुन्हा पाहणी हाय, पुन्हा आषाढातच, कारण साहेबाला तेव्हा सवड असते. भावोजी म्हणाले, सदाला सांगून ठेवू, तो साहेबाला समजावील. मी नको म्हटलं. पावसाळ्यात सगळे बांबू काढायचे, एक ठेवायचा. उभा, दोरीसकट. पावसात कुजंल, कुजू दे. साहेब आला की त्याला तो दिसंल, कुणाला विचारावं लागणार न्हाय.

नीराबाई तुला खेकडा म्हणायला लागली हाय. तिला मी अजून अडवलं न्हाय.

संगती वाळवण धाडलं हाय. खाताना दार लावून घेऊ नको. आशीर्वाद आहेत, ते वाटेत हरवू नको.

केसरबाय

ता. क. यातलं मी काहीही गाळलेलं नाही. — नलू