काळीचे पाय

वराळे,
८ फेब्रुवारी १९६७

चि. गोरखास सरूआक्काचा आशीर्वाद. आमी समदी बरी हाओत, तुजी खुशाली कळव.

आपली बाया पुढल्या ऐतवारी पहिल्या बाळंतपणाला म्हायेरी येतीय. जावई पोचवाया येनार, म्हंजी कोंबडी कापावीच लागनार. दोनच तर हायेत. पिवळी कशी टवटवीत. चोच, पाय हळदीवानी. काळीचे पाय मातुर पार पांढरे पडलेत. तुजं दाजी म्हनत्यात, तिला रोग लागलाय, तिलाच काप. आता रोगट कोंबडी जावयाच्या ताटात कशी वाढू? आन पिवळीला कापली तर बायाला अंडी कुटनं आनू? रोज सकाळी अंड्यावर बसल्याली पिवळीच दिसती. काळीला मी हातानं दानं भरवून जगवलीय, तिच्यावर बी सुरी धरवत न्हाई. तू लोणावळ्याला कोंबड्यांच्या नोकरीत हायस, तर कायतरी औषीद धाड.

आईचा फोटू लय दिस मागत व्हतास, तो संगं ठेवलाय. माया पातळ करू नगंस.

तुजी,
आक्का

*

लोणावळा,
१२ फेब्रुवारी १९६७

ती. सौ. आक्कास गोरखचा शि. सा. न. वि. वि.

औषध पाठवत नाही, कारण काळीला काही झालेलंच नाही. दाजींना म्हणावं, सुरी खाली ठेवा.

कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग हिरव्या पाल्यातून, मक्यातून येतो. पिसांचा काळा रंग ती अंगातच तयार करते, म्हणून काळीची पिसं होती तशीच राहिली. अंडी घालायला लागली, की खाल्लेला पिवळा रंग बलकात जातो, पिल्लाच्या कामी येतो. पायांच्या वाट्याला काही उरत नाही. पिवळी एवढी नटलेली आहे ती अंडी देत नाही म्हणून. ऐतखाऊ मेली, दुसरीच्या अंड्यावर बसून मिरवते. काळीची अंडी थांबली की तिचेही पाय पुन्हा पिवळे होतील.

खोटं वाटत असेल तर दोघींना वेगवेगळ्या डालग्याखाली कोंडून बघ.

आईचा फोटो भिंतीवर लावला. फोटोवाल्यानं मात्र घोळ घातलाय, तिचा चेहरा पार फिका आलाय. जावयाच्या पंगतीत माझी आठवण काढावी.

तुझा,
गोरख

*

वराळे,
२७ फेब्रुवारी १९६७

चि. गोरखास आशीर्वाद.

अंडं काळीच्याच डालग्याखाली निघालं. पिवळीखाली काय बी न्हाई. तुजं दाजी डोकं खाजवत पिवळीला धराया गेलं. मग पिवळीचाच रस्सा केला. जावयानं मागून मागून खाल्ला.

बाया सुखरूप पोचली. तिची सासू कुरकुरत व्हती, सुनेच्या तोंडावरची रया गेली म्हनं. नर्सबाईला दावलं. ती म्हनली, समदं ठीक हाय, पालेभाजी भरपूर खाऊ द्या. मला लय हायसं वाटलं. काळीचं अंडं आता रोज बायाच्या ताटात असतं. बाळाला बघाया सुट्टी काढून ये.

तुजी,
आक्का

ता. क. फोटूवाल्याला बोल लावू नगंस. देहूरोडला तो फोटू काढला तवा मी आईच्या शेजारीच हुबी व्हते. तू तिच्या पोटात व्हतास.