नळ दोन मिनिटं वाहू द्यावा

९ मे, गुरुवार

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते म्हणून विचारते. तुझी मला आईकडून कळते, माझी तुलाही तशीच कळत असणार. आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी जिना चढू नका असं बजावलंय, त्यामुळे ती दिवसातून दोनदाच चढते. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक मी बदलला. जुना तू बसवलेला होता. सहा वर्षं टिकला, हे नोंदवून ठेवते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. हातानं लिहिलंय कारण ऑफिसच्या संगणकावर हे लिहायचं नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी मी अम्यूझमेंट पार्कमध्ये पाणी-तपासनीस म्हणून लागले. घसरगुंड्यांच्या तलावांचं क्लोरीन, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतलं पाणी आणि पाहुण्यांसाठीचे पिण्याच्या पाण्याचे सहा फुकट नळ, एवढं माझ्याकडे आहे. यातल्या नळांबद्दल तुला विचारायचं आहे.

गेल्या महिन्यात मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. नळ बंद करून तिथे थंड पेयांचे स्टॉल टाकायचे, असं वरून ठरत होतं. माझा तांत्रिक अभिप्राय हवा होता.

"लोकांना फुकटचं पाणी नकोच आहे हो," ते म्हणाले. "आणि दिलं तर पितात कुठे? पाय धुतात. तुम्ही मीटर बघा आणि जे दिसेल ते लिहा. मी काही सुचवत नाही."

काही सुचवत नाही असं जे सांगतात, त्यांच्या टेबलावर कागद आधीच तयार असतो. तसा तो होता. पण पाय धुतात हे खरं आहे. दोन नंबरच्या नळावर एक गृहस्थ मुलाच्या सँडल घासताना मी स्वतः पाहिले आहेत. मीटरही खरा होता. रविवारी नऊ हजार माणसं आत आली आणि सहा नळांतून मिळून तीनशे दहा लिटर पाणी गेलं. माणशी दोन घोटही नाही. मी अहवालाच्या पहिल्या भागात "वापर नगण्य" असं लिहिलं आणि सही केली.

ते दोन शब्द मला आठवडाभर टोचत राहिले. गेटवर पाहुण्यांच्या बाटल्या काढून घेतात. पिंप भरतं. मे महिन्यात, डोक्यावर ऊन घेऊन, रांगेत दीड-दीड तास उभी राहणारी नऊ हजार माणसं तहानलेली नसतात? मीटरवरून मला पाणी किती गेलं ते कळलं. नळापाशी किती जण आले होते, ते त्यावरून कळत नाही, आणि मी ते मोजलंच नव्हतं.

म्हणून मागच्या रविवारी मोठ्या पाळण्याजवळच्या चार नंबरच्या नळापाशी खुर्ची टाकून बसले. बारा ते चार. चारशे बारा माणसं नळापाशी आली. ग्लास भरेपर्यंत थांबली नऊ. एका बाईनं नळ सोडला, धार बघितली, कडेवरच्या मुलीला म्हणाली, "हा नळ झोपलाय गं, चल." पलीकडच्या स्टॉलवरची बाई हसली आणि मला म्हणाली, "रोजचंच आहे मॅडम. तुमच्याकडे येतात, बघतात, माझ्याकडे येतात. तुमच्या नळावर माझं पोट चाललंय. तुम्ही दुरुस्त नका करू हं एवढ्यात."

एक लिटरचं भांडं भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. तेवढ्याच दाबाला बारा सेकंद लागायला हवीत.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या आधी मी नळ उघडला. जोडात स्टीलची चकती होती. गाळणी नव्हे, नुसती चकती, मधोमध दोन मिलिमीटरचं भोक. ती गंजून आलेली नव्हती, कोणीतरी मापानं कापून घातलेली होती. नंतर एक नंबर उघडला. तिथेही तीच. मग मी थांबले आणि दोन्ही होते तसे बंद केले.

फेब्रुवारीत डागडुजीसाठी पार्क आठवडाभर बंद होता. नेमक्या त्याच आठवड्यात मला क्लोरीनच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, माझी कदर होतेय म्हणून.

आता माझे प्रश्न. फेब्रुवारीत तू कुठे काम करत होतास? तो जुना ठेकेदार तुला अजून बोलावतो का? आणि गळू नये म्हणून तू जोडाला हल्ली टेप गुंडाळतोस की अजून धागा आणि लेप? इथल्या बाकीच्या सगळ्या जोडांना टेप आहे. या दोन जोडांना धागा आहे. धागा वापरणारं आता कोण उरलंय, म्हणून विचारलं.

उत्तर मला पाठव. आईमार्फत नको.

तुझी
धाकटी


२० मे, सोमवार

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी. तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहिते, म्हणजे मी काय वाचलं याबद्दल वाद नको. "मोजपट्टी, खुशाली विचारतेस की पंचनामा करतेस? हो, मीच बसवल्या. सहाही. शेपूट बघितलंस ना? मग ओळखायला इतके दिवस का लागले? नापास करायचं तर कर, तुला सवय आहे."

मोजपट्टी हे नाव दोन वर्षांनी ऐकलं. म्हणजे वाचलं.

शेपूट बघितलं होतं. चार नंबरचा जोड उघडला तेव्हाच. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण तू आपणहून सांगतोस का ते बघायचं होतं. बाबा धाग्याचं टोक कापायचे नाहीत. अर्धा वळसा उलटा देऊन ते बोटभर बाहेर ठेवायचे. "उद्या कोणीतरी हा उघडणार आहे, त्याला शेपूट सापडलं पाहिजे." शाळेच्या सुट्टीत ओट्यावर बसवून त्यांनी आपल्या दोघांना हे शिकवलं. तू डावखुरा, म्हणून तुझा वळसा दुसऱ्या बाजूनं पडायचा आणि बाबा चिडायचे. बाबा गेले, आता असं शेपूट ठेवणारे आपण दोघंच. माझा वळसा उजवा आहे. त्या नळात डावा आहे. मला इतके दिवस लागले नाहीत दादा, मला एक सेकंद लागला. बाकीचे दिवस ते ओळखलं नाही असं दाखवण्यात गेले.

तू सुचवतोस की शेपूट तू माझ्यासाठी सोडलंस. मी तिथे आहे हे आईनं तुला सांगितलं होतं, आणि नळ उघडला तर मीच उघडणार हे तुला माहीत होतं. असेल. पण पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, की मला पकडलं जायचंच होतं. चांगलं वागायचं होतं तर चकती बसवायचीच नव्हती. किंवा बसवून मला फोन करायचा. एक फोन. मी उचलला असता.

दुसरी शक्यता अशी की तुझ्या मनात काहीच नव्हतं आणि हातानं आपलं काम केलं. पंचवीस वर्षांची सवय. हाताला काय माहीत आपण लोकांचं पाणी तोडतोय.

या दोन्हींतलं खरं कुठलं, ते ठरवायला माझ्याकडे चाचणी नाही. चार दिवस मी तुझ्या विरुद्ध पुरावे लिहीत होते. वही भरत आली. आणि काल हातांच्या सवयीबद्दल हेच वाक्य वहीत लिहिताना मी थांबले, कारण ते तुझ्याबद्दल नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेकडून तपासायला आले होते, त्या वसाहतीच्या टाकीबद्दल लिहिते.

तुला वाटतं की मी तुला मुद्दाम नापास केलं, भावाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून. आईलाही तसंच वाटतं. मी कधी नाही म्हटलं नाही, कारण ते सोपं होतं. त्यात मी कठोर दिसत होते, चुकीची दिसत नव्हते.

झालं असं. तू टाकी धुऊन, पाइप बदलून दिले होतेस. समितीचे चौघं माझ्या भोवती उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ठेकेदार तुमचे सख्खे बंधू ना? बघा हं, नीट तपासा." मला ते लवकर उरकायचं होतं. मी बागेकडचा नळ सोडला आणि लगेच बाटली धरली. नमुना घेण्याआधी नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा असतो. पाइपात, नळाच्या तोंडाशी साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे येतं. त्या नळाला माळ्याचा होज दिवसभर मातीत लोळत असायचा. मी तुझ्या टाकीचं पाणी तपासलंच नाही. मी त्या नळाच्या तोंडावरची घाण तपासली.

संध्याकाळी फॉर्म भरला. त्यात रकाना आहे, "नळ किती वेळ वाहू दिला". मी लिहिलं, "२ मिनिटं". खोटं लिहायचं असं ठरवून नाही. नेहमी तेच लिहिते म्हणून हात तेच लिहून गेला. आठवडाभरानं निकाल आला आणि त्यानंतर दोन दिवसांनी मला त्या बाटलीचा क्षण लख्ख आठवला. तोवर तुझं काम काढून घेतलं होतं आणि मी तुला मुद्दाम नापास केलं असं आईसमोर बोलून तू घरातून निघून गेला होतास. पुन्हा नमुना घ्यायला सांगितलं असतं तर विचारलं असतं, का? मी सांगितलं नाही. दोन वर्षं.

त्यानंतर तुला चांगली कामं मिळेनाशी झाली आणि तू पुन्हा त्या ठेकेदाराकडे गेलास, हे मला आईनं सांगितलं होतं. तेव्हा मी आईला म्हणाले, "त्याचा तो बघून घेईल." म्हणजे चकत्या तू बसवल्यास, पण तुला त्या नळापर्यंत कोणी आणलं, याचा विचार केला तर बोट माझ्याकडेही येतं. यानं तुझं काम बरोबर ठरत नाही. ती कडेवरची मुलगी त्या दिवशी तहानलेलीच गेली, ते तुझ्या चकतीमुळे आणि माझ्या "वापर नगण्य"मुळे.

आज सकाळी मी दोन पत्रं पाठवली. एक वसाहतीच्या समितीला, नमुना कसा घेतला ते जसंच्या तसं लिहून. माझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. दुसरं आरोग्य खात्याला, तारीख फोनवर आधीच ठरली होती. गुरुवारी, २३ तारखेला, सकाळी आठ वाजता, पार्क उघडायच्या तासभर आधी, त्यांचा निरीक्षक आणि मॅनेजर यांच्यासमोर सहाही नळ उघडायचे आहेत. मॅनेजरना मी कळवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा पाण्यासाठी?" मी म्हटलं, "हो, एवढंसंच येतं." ते हसले नाहीत.

सहीचा पहिला अहवाल मी मागे घेतला आहे. नव्यात लिहिलंय की गेटवर लोकांची बाटली काढून घेणार असाल तर आत पाणी द्यायची जबाबदारी तुमची, आणि ते पिता येईल अशा धारेनं. पाय धुण्यासाठी वेगळा नळ टाका. हा तांत्रिक अभिप्राय नाही असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

या अहवालात एक रकाना आहे, "चकत्या कोणी बसवल्या, कोणाच्या सांगण्यावरून". तो कोरा आहे. बोटभर धाग्यावरून मी त्यात तुझं नाव लिहिणार नाही. घाईनं धरलेल्या एका बाटलीवरून मी एकदा लिहिलं होतं. पण ते लपवणारही नाही. निरीक्षकानं विचारलं तर तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे आणि मला खोटं बोलता येत नाही. लिहिता येतं, ते आता तुला कळलंच.

तू ये. मागच्या गेटनं, पावणेआठला. पहारेकऱ्याला मी सांगून ठेवते. उघडायचं तर ज्याचा जोड त्यानं उघडावा. चकत्या कोणी कापून दिल्या आणि कोणी बसवायला सांगितल्या, ते त्या रकान्यात तुझ्या हातानं लिही. शेपूट माझ्यासाठी सोडलं होतंस की सवयीनं राहिलं, हे मी विचारणार नाही. तू आलास तरी मला ते कळणार नाही, आणि तू सांगितलंस तरी माझा लगेच विश्वास बसणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

बाबांचा मोठा पाना माझ्याकडे आहे, तो आणते. नवा धागाही आणते. नळ पुन्हा जोडावे लागतील.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती गुरुवारी जिना दोनदाच चढेल असं बघते.

नळ वाहू न देता निकाल लिहिणारी, आणि पावणेआठला गेटवर उभी असणारी,
तुझी धाकटी